दाढेला जागा नव्हती

माझी आई लाँड्रीत कामाला होती. गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे, तर तीन इस्पितळांच्या आणि डझनभर हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुणारा मोठा कारखाना. तिथं तिला सगळे अर्धीताई म्हणत, कारण ती कुठलीच वस्तू पुरी वापरत नसे. चहा अर्धा कप. भांड्यांचा स्पंज आणला की आधी कात्रीनं कापून अर्धा. टूथपेस्ट संपली की ट्यूब उभी चिरायची; तिच्या पोटातून आम्हा तिघांचे आणखी चार दिवस निघत. साबणाचे उरलेले तुकडे ती ओले करून नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवायची, त्यामुळे आमच्या घरचा साबण कायम पोक आल्यासारखा दिसायचा.

"मी हिच्या हाती लागलो तेव्हा पुरा होतो," बाबा म्हणायचे.

"तेव्हाच वजनात कमी भरला होतात," आई म्हणायची.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत वर-खाली, आणि घरी येताना बसचे पाच थांबे पायी, कारण तेवढंच तिकीट वाचायचं. स्वतःच्या जागेसाठी साठवणं चालू होतं. दोन खोल्या, नळ आत, आणि दर वर्षी दारात उभं राहून भाडं वाढवणारा घरमालक नको, एवढंच. त्याला आठ वर्षं झाली होती. आईला या सगळ्याचा अभिमान होता, हे आधीच सांगते. कुणी तिला चिक्कू म्हटलं तर ती चिडायची नाही, उलट समजावून सांगायला बसायची.

मी चौदा वर्षांची असताना कारखान्याच्या ऑफिसातून एक मॅडम आमच्याकडे आल्या. कारखान्याचं एक गुळगुळीत कागदाचं मासिक निघायचं. साहेबांचे फोटो, नव्या मशीनचे फोटो, पुन्हा साहेबांचे फोटो. त्यात आता कामगारांच्या घरांवर एक पान सुरू होणार होतं आणि पहिलं घर आमचं. मॅडम तरुण होत्या, गोड बोलायच्या. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी वही उघडली.

बाबांना ते पटलं नव्हतं. "घरातलं बाहेर कशाला?" ते स्वयंपाकाच्या कट्ट्याशी उभे राहून पुटपुटले.

"चोरी केलीय का आपण?" आई म्हणाली आणि बोलत सुटली. दोन तास बोलली. स्पंज सांगितला, ट्यूब सांगितली. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी कशी शिवायची ते करून दाखवलं. गॅस दोन मिनिटं आधी बंद करून झाकणाखाली भाजी कशी शिजते ते सांगितलं. मग दाढेचं सांगितलं. तिची डाव्या बाजूची दाढ किडली होती. वाचवायला डॉक्टरांनी सांगितलेला खर्च आमच्या महिन्याच्या भाड्याएवढा होता, उपटायला त्याचा दहावा हिस्सा. तिनं उपटून घेतली. दोन वर्षांनी शेजारची गेली. तेव्हापासून ती एकाच बाजूनं चावते. आणि सहलीचंही सांगितलं. आमच्या वर्गाची तीन दिवसांची सहल समुद्रावर गेली होती. मी गेले नव्हते.

मी तेव्हा दारापाशी दप्तर आवरत होते. मॅडम प्रत्येक वाक्याला "वा, ताई, वा" म्हणत होत्या आणि त्यांचं पेन भराभरा चाललं होतं.

पंधरा दिवसांनी अंक आला. वर हिरव्या वेलबुट्टीची चौकट, मध्ये आमचा तिघांचा फोटो, खाली मथळा: 'छोटा पगार, मोठं मन, आनंदी घर'. आईनं तो अंक गावाकडच्या बहिणीला पाठवायला एक जास्तीचा मागून आणला. कारखान्यानं तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. आमच्याकडे चालू घड्याळ होतं, म्हणून तिनं ते डब्यासकट माळ्यावर ठेवून दिलं. कुणाला तरी भेट द्यायला होईल, म्हणाली. आठवडाभर ती हवेतच होती.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आमचं दार धाडधाड वाजलं. मोठी मावशी होती. मोठी म्हणजे अंगानं मोठी, आणि मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. आईची रोलरवरची जोडीदारीण. इस्त्रीचा तो रोलर माणसाच्या उंचीचा असतो. ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून, ताणून, एकदम आत सरकवायची. एकीचा हात मागं पडला तर चादर वाकडी जाते आणि कधी बोटही जातं. अकरा वर्षं त्या दोघी शेजारी उभ्या राहून हे करत होत्या. आमच्या घरी ती आली की आधी पाणी मागायची आणि मग खुर्ची. त्या दिवशी तिनं काहीच मागितलं नाही.

"तुझा तो अंक कुठाय?" ती म्हणाली. "काढ बाहेर. बघू दे मला एकदा डोळे भरून."

"काय झालं गं?"

"काय झालं! तीन वर्षं झाली पगार वाढून. आज आम्ही पाच जण साहेबाकडे गेलो होतो. भाडं वाढलं, औषधं वाढली, शाळेची फी वाढली, सगळं लिहून नेलं होतं. त्यानं आमचा कागद उघडलासुद्धा नाही. तुझा फोटो टेबलावर ठेवला. म्हणतो, ही बाई याच मशीनवर उभी राहते, हाच पगार घेते आणि वर साठवतेसुद्धा. पगार कमी नाहीये, तुम्हाला संसार जमत नाहीये."

 आईच्या हातात डब्यातून तांदूळ मोजायची वाटी होती, ती तशीच राहिली.

"माझा नवरा अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली," मोठी मावशी म्हणाली. "त्याचं काय अर्धं करू? गोळी अर्धी करू? तुझ्या त्या पोक आलेल्या साबणानं माझ्या घरचा पगार धुऊन काढलास तू!"

"मी असं कुठं म्हटलं होतं? मी तर..."

"तुझ्या तोंडचं छापलंय ना? मग झालं तर!"

ती गेली. दार उघडंच राहिलं. शेजारचे लोक बाहेर येऊन उभे होते, ते हळूहळू आत गेले.

आईनं माळ्याखालच्या ट्रंकेतून अंक काढला आणि माझ्या हातात दिला. तिनं तो लेख पुरता वाचलाच नव्हता. फोटो पाहिला होता, नाव पाहिलं होतं, चार ओळी वाचून डोळे पुसले होते. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. स्पंज होता. ट्यूब होती. कॉलर होती. दाढ नव्हती. बाबांचे पाच थांबे होते, पण तिथं लिहिलं होतं की त्यांना पायी फिरण्याची आवड आहे. बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते नुसतं "हं" म्हणाले. मग मी सहलीपाशी आले आणि माझा आवाज थांबला.

"वाच की."

"'सहलीला जायचं का, असं विचारल्यावर गुणी मुलगी हसत हसत म्हणाली, आई, समुद्र कुठे पळून जातोय?'"

मी अंक जमिनीवर आपटला. "मी हसले होते? मी म्हटलं होतं हे? तू म्हणाली होतीस! मी रडत होते आणि तू पाठ करून भांडी घासत म्हणालीस, समुद्र कुठे पळून जातोय! अख्ख्या वर्गातनं दोघीच मागं राहिलो. तीन दिवस आम्हाला ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. आणि तू सगळ्यांना सांगत फिरतेस की मी हसले?"

"मी असं सांगितलं नाही. मी म्हटलं, पोरीनं हट्ट केला नाही."

"मी केला होता हट्ट! तुला ऐकूच आला नाही!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मारते. तिनं मारलं नाही. अंक उचलला, झटकला आणि दिवाबत्ती होईपर्यंत स्वतः एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत बसली. त्या दिवशी आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डबा खायच्या सुट्टीत ऑफिसात गेली. मॅडमनी तिला बसायला खुर्ची दिली.

"मी दाढेचं सांगितलं होतं," आई म्हणाली.

"हो ताई, पण जागा नव्हती हो. एकच पान."

"वेलबुट्टीला होती."

"ते डिझाइन असतं. आणि ताई, अंक जरा आनंदी ठेवायचा असतो. दाढबिढ म्हटलं की लोकांना कसंसंच होतं."

"आणि पोरीच्या तोंडी वाक्य?"

"ते किती गोड वाटतं बघा ना!" मॅडम खरोखरच खूश होऊन म्हणाल्या. त्यांना त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. आई मला नंतर म्हणाली, त्या बाईच्या मनात वाईट असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. उठता उठता मॅडमनी तिच्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला. येत्या शनिवारी पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये 'बचतीच्या दहा युक्त्या' असा वर्ग होता. शिकवणारी अर्धीताई. सगळ्या कामगारांनी सहकुटुंब यायचं, हजेरीची सही करायची. त्या तासाचा पगार नाही.

ते चार दिवस आईशी रोलरवर कुणी बोललं नाही. मोठी मावशी कोपरा धरायची, ताणायची, सोडायची. एरवी त्या दोघी मशीनच्या आवाजावर ओरडून गप्पा मारायच्या. आता नुसतं मशीन ओरडत होतं. पाणी प्यायला गेलं की बायका नळापासून बाजूला व्हायच्या. कुणीतरी तिच्या लॉकरच्या दारावर अर्धा कापलेला स्पंज अडकवून ठेवला होता. तो ती घरी घेऊन आली. मला वाटलं फेकून देईल. तिनं धुऊन वाळत घातला.

"आई, तू तो वर्ग घेणार आहेस?"

"हजेरी माझीही आहे," एवढंच म्हणाली.

शनिवारी बाबा आणि मी गेलो. कॅन्टीनमध्ये दोनशेच्या वर माणसं होती. दहा तास उभी राहिलेली, घामानं चिकट झालेली. कुणाच्या कडेवर पोर, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटलेलं. पुढच्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी मॅडम. मोठी मावशी अगदी मागं, हाताची घडी घालून उभी.

साहेबांनी माइक घेतला. "पगार म्हणजे नळ," ते म्हणाले, "आणि संसार म्हणजे बादली. बादलीला भोक असेल तर नळाला दोष देऊन काय उपयोग? आज आपल्याच एक ताई आपल्याला बादली दुरुस्त करायला शिकवणार आहेत. टाळ्या!"

चार-दोन टाळ्या पडल्या. आई उभी राहिली. टाइप केलेला कागद तिनं घडी करून खिशात टाकला.

"पहिली युक्ती," ती म्हणाली. "दाढ किडली तर वाचवायची नाही. उपटायची. स्वस्त पडतं." आणि तिनं बोट घालून गाल बाजूला ओढला. "ही एक. ही दुसरी. साहेब, तुम्ही पुढंच बसलाय, तुम्हाला नीट दिसेल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी मान खाली घातली.

"दुसरी युक्ती. नवऱ्याला पायी चालवायचं. मासिकात छापलंय की यांना फिरायची आवड आहे. दिवसभर शिडीवर उभा राहणारा माणूस पाच थांबे चालून येतो आणि पाय गरम पाण्यात घालून बसतो. ते पाणीसुद्धा मी घोटा बुडेल इतकंच तापवते."

बाबा जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"तिसरी युक्ती. पोरगी सहलीसाठी रडली तर पाठ फिरवायची आणि भांडी जोरात घासायची, म्हणजे ऐकू येत नाही. ती हसली असं छापलंय. ती बघा, ती बसलीय. ती हसली नव्हती. समुद्र पळून जात नाही, हे मी म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्याच वेळी, कसं सांगू, मला आईचा पहिल्यांदा राग येईनासा झाला.

"ताई," साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "विषयाला धरून बोला."

"विषयालाच धरलंय साहेब. सुटतच नाहीये तो." लोक आता मोठ्यानं हसले. आई हसली नाही. "तुम्ही या लोकांना सांगितलंत की हा पगार मला पुरतो. पुरत नाही. मी पुरवते. पुरणं वेगळं आणि पुरवणं वेगळं. पुरवायचं म्हणजे कुणाच्या तरी तोंडातून, कुणाच्या पायातून, पोरीच्या डोळ्यातून काढून आणायला लागतं. ते मी आठ वर्षं केलं. माझ्या घरासाठी केलं. तुमचा पगारवाढीचा खर्च वाचावा म्हणून..."

माइक बंद झाला. साहेबांनी खूण केली होती. पण आयुष्य मशीनच्या आवाजात काढलेल्या बाईला माइक कशाला लागतो?

"...म्हणून नाही केलं!" ती ओरडली. भिंतीला टेकलेले लोक सरळ उभे राहिले. "माझी काटकसर माझी आहे! ती तुमच्या खिशात घालायला मी दिलेली नाही! ही समोर बसलीयत ना, यांच्यातल्या एकाचीही बादली भोकाची नाही. तुमचा नळच करंगळीएवढा आहे!"

टाळ्या पडल्या नाहीत. अशा वेळी माणसांना टाळ्या सुचत नाहीत. मागून मोठी मावशी लोकांना बाजूला सारत पुढं आली, टेबलावरचा हजेरीचा कागद तिनं ओढला आणि स्वतःच्या सहीवर पेनानं इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला. मग पेन पुढच्या माणसाच्या हातात दिलं. साहेब उठून गेले. मॅडम त्यांच्या मागोमाग. पेन रांगेनं फिरत राहिलं.

आम्ही घरी आलो. "कामावरून काढलं तर?" बाबा म्हणाले.

"तर काढू दे!" ती त्यांच्यावरच खेकसली. मग बाबांच्या पायांसाठी पाणी तापत ठेवलं आणि म्हणाली, "तुमचे पाय दुखतात हे मी चारचौघांत सांगायला नको होतं."

"दुखतातच," बाबा म्हणाले.

काढलं नाही. सोमवारी तिला रोलरवरून हलवून मळक्या विभागात टाकलं. इस्पितळातून आलेल्या पिशव्या तिथं हातानं उघडून निवडायच्या. रक्त, ओकाऱ्या, आणि चादरींच्या घड्यांत विसरलेल्या सुया. जाड हातमोजे मागितले तर सांगितलं, आहेत त्यात भागवा, तुम्हाला तर भागवता येतं. दीड वर्ष ती तिथं होती. घरी आली की आधी अंघोळीला जायची आणि आमच्या घरात पहिल्यांदाच साबण आठवड्यात संपायला लागला. तिच्या जागी रोलरवर एक नवी मुलगी आली. मोठ्या मावशीनं महिनाभर मुद्दाम चादरी वाकड्या घातल्या. रोज पाळी सुरू होताना ती ऑफिससमोर उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "माझी जोडीदारीण कुठाय?" उत्तर कुणी द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची.

पगारवाढीचा कागद पुढच्या खेपेला पाच नव्हे, साठ जण घेऊन गेले. मग काम हळू झालं. चादरी पडून राहिल्या, इस्पितळांतून फोनवर फोन यायला लागले, आणि तीन महिन्यांनी वाढ मिळाली. मागितली होती तिचा तिसरा हिस्सा. लोकांनी ती घेतली आणि साहेबांना शिव्याही घातल्या. आईनं दोन्ही केलं.

पहिला वाढीव पगार आला तेव्हा बाबांनी सवयीनं साठवणीचा डबा खाली काढला. आईनं त्यावर हात ठेवला.

"या महिन्याची वाढ यात जाणार नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुला काय हवंय?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी घाबरले. समुद्र म्हणावं असं वाटलं, पण सहल कधीच होऊन गेली होती, आणि मैत्रिणी त्याबद्दल बोलायच्यासुद्धा थांबल्या होत्या.

"बूट," मी म्हटलं. "माझ्या मापाचे. पुढच्या वर्षीच्या मापाचे नकोत. पुढं कागद कोंबून घालायचे नकोत."

आईला लागलं. दिसलंच मला ते. पण ती म्हणाली, "चल."

दुकानदारानं पहिले बूट दाखवले, ते मापाचे होते. किंमत ऐकून आईचं डोकं तापलं. शिवण किती कच्ची आहे, तळ कसा पातळ आहे, ही किंमत सांगताना जीभ कशी झडली नाही, हे ती त्याला इतक्या मोठ्यानं सांगायला लागली की रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. अंगात साठलेला सगळा राग ती त्या बिचाऱ्यावर काढत होती. मी लाजेनं बाहेर जाऊन उभी राहिले. आतून आवाज येतच होते. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही काय लुटायला आलात का?" आई म्हणाली, "नाही, तुम्हीच बसलाय त्यासाठी."

वीस मिनिटांनी ती खोका घेऊन बाहेर आली. कपाळावर घाम होता.

"पैसे पूर्ण नाही दिले," ती म्हणाली. "पण मापाचेच आहेत."

मी रस्त्यावरच बसून ते पायात घातले.